नानांचा नकाशा लोड होतोय

टोरंटोच्या आसपास जिथे जिथे मराठी माणसांनी चार घरं केली आहेत, तिथे एक नाना असतात. मिसिसागात असतात, ब्रॅम्प्टनला असतात, ऑकव्हिलला तर एका गल्लीत दोन निघतील. खरं नाव काहीही असो. वय साठीच्या पुढे, तीसेक वर्षं इंजिनियरकी करून आता मोकळे झालेले, डोक्यावर रुंद काठाची टोपी, उन्हाळ्यात अर्धी चड्डी आणि गळ्यात दोरीला लोंबणारं एक मूठभर यंत्र. आंघोळीला जाताना ते काढतात असं काकू सांगतात, पण छातीठोकपणे नाही.

हे यंत्र म्हणजे हातात धरायचं जीपीएस. नानांना कनू वल्हवत रानातल्या तळ्यांवर भटकायची आवड आहे असा सगळ्यांचा समज आहे, आणि तो खोटाही नाही. पण नानांची खरी आवड कनू पाण्यात उतरायच्या आधीच फिटलेली असते. ती आवड म्हणजे यंत्रात नकाशा भरणं.

ओंटारिओत थंडी नोव्हेंबरात येते आणि एप्रिल संपला तरी रेंगाळते. या दिवसांत बाकीचे निवृत्त लोक फ्लोरिडाला जातात किंवा डोंबिवलीला. नाना तळघरात जातात. तिथे विंडोज ७ वर चालणारा एक लॅपटॉप आहे. त्याला इंटरनेट लावायचं नाही, अपडेट द्यायचं नाही, त्यावर कुणी लग्नाचे फोटो बघायचे नाहीत. डाउनलोड वरच्या मजल्यावरच्या लॅपटॉपवर करायचं, पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि मग जिना उतरून याच्यात ओतायचं. काकू त्याला सोवळ्यातला लॅपटॉप म्हणतात. जुना मॅपसोर्स आणि बेसकॅम्प ही दोन्ही सॉफ्टवेअर त्याच्यावर गुण्यागोविंदाने नांदतात, आणि नानांचं म्हणणं असं की नव्या लॅपटॉपवर ती नांदणार नाहीत. नांदवून कुणीच पाहिलेली नाहीत.

शेजारच्या फळीवर श्रीखंडाचा रिकामा डबा. त्यात वायरी. कुणी मदतीला गेलं की नाना हात पुढे करतात आणि म्हणतात, “मिनी दे. मायक्रो नव्हे, मिनी.” मिनी यूएसबीची वायर जगातून बहुतेक उठून गेली आहे, पण नानांच्या यंत्राला तीच लागते. म्हणून मंडळाच्या कार्यक्रमात कुणी जुना कॅमेरा टाकून देतोय असं कानावर आलं की नाना कॅमेऱ्याची नाही, त्याच्या वायरीची चौकशी करतात.

आता एवढं नकाशाचं काय, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटायचं. यंत्राबरोबर येतोच की एक नकाशा! पण हे वाक्य नानांपुढे उच्चारायचं नाही. “बेसमॅप?” असं म्हणून ते चष्मा काढतात. “बेसमॅपवर तुला कॅनडा दिसेल. तुझं तळं दिसेलच असं नाही.”

त्यांचं म्हणणं समजून घ्यायचं तर अल्गॉन्क्विन पार्क समजून घ्यायला हवं. टोरंटोहून गाडीने तीनेक तासांवर, १८९३ साली राखून ठेवलेलं हे रान साडेसात हजार चौरस किलोमीटरांच्या वर आहे, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याच्या निम्म्याच्या आसपास. त्यातून मोठा रस्ता जातो तो एकच, हायवे ६०, तोही दक्षिणेच्या कोपऱ्यातून. बाकी सगळी तळी, ओढे, दलदली आणि झाडं. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जायचं तर मधे जमीन लागते. तिथे सामान पाठीवर घ्यायचं, कनू उलटी करून खांद्यांवर घ्यायची आणि पायवाटेने चालत सुटायचं. याला पोर्टेज म्हणतात. अशा पाणवाटा आणि पायवाटा मिळून २,००० किलोमीटरांहून जास्त भरतात.

आणि गंमत अशी की कॅनडा सरकारच्या १:५०,००० च्या नकाशात तळ्याचा प्रत्येक काठ, प्रत्येक टेकाड असतं, पण पोर्टेजचा भरवसा नसतो. पार्कच्या कनूमार्गांच्या नकाशात पोर्टेज असतं, तंबूच्या जागा असतात, पण तो कागद. कागद यंत्रात जात नाही. तेव्हा सरकारने फुकट दिलेल्या माहितीतून टेकड्या घ्यायच्या, हौशी लोकांनी बनवलेल्या आयबायकस नावाच्या फुकट नकाशातून आणखी काही घ्यायचं, ओपनस्ट्रीटमॅपवरून पायवाटा घ्यायच्या, आणि हे सगळं एका बोटाच्या नखाएवढ्या कार्डात बसवायचं. हे बसवणं म्हणजे नानांची जानेवारी आणि फेब्रुवारी.

बसवण्याचे नियम नानांना तोंडपाठ आहेत आणि ते विचारल्याशिवायही सांगितले जातात. जुन्या यंत्रांना नकाशाची फाइल एकाच नावाने चालते: जीमॅपसप डॉट आयएमजी. नाव एका अक्षराने चुकलं तर यंत्र तिच्याकडे ढुंकून बघत नाही. नवी यंत्रं कुठलंही नाव चालवून घेतात. (“शिस्त राहिली नाही,” नाना.) कार्ड फॅट ३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलं हवं, आणि त्यावर चार जीबीहून मोठी एकसंध फाइल मावतच नाही. म्हणून अख्ख्या कॅनडाचा नकाशा घ्यायचा मोह टाळून पूर्व आणि पश्चिम असे तुकडे करायचे. नाना मोह टाळत नाहीत. ते दोन्ही तुकडे घेतात. युकॉनला जायचं कधी ठरलंच, तर तयारी असावी.

दोन नकाशे एकावर एक चालू ठेवले तर वरचा खालच्याला झाकून टाकतो. मग सेटिंगमध्ये जाऊन एक बंद, एक चालू. फक्त टेकड्यांच्या रेघांचा पारदर्शक नकाशा असेल तर तो चालतो वरती. हे मला कळलं त्या रात्री आम्ही वास्तविक त्यांच्याकडे कोजागरीचं दूध प्यायला गेलो होतो.

नानांचं हे वेड कुठून आलं याचा शोध मी काकूंकडून घेतला, कारण नाना स्वतःबद्दल बोलायला लागले की दोन मिनिटांत उपग्रहांवर जातात. सत्तरच्या दशकात नाना मुंबईला इंजिनियरिंग शिकत होते आणि दर शनिवारी सह्याद्रीत पळत होते. त्या काळी सर्व्हे ऑफ इंडियाच्या किनारपट्टीजवळच्या टोपोशीट सामान्य माणसाला मिळत नसत. संरक्षणाचं कारण. राजगड, रायगड, तोरणा ज्या ४७ एफ या भागात येतात, तो नकाशा बघायला मिळणं हीच मोठी गोष्ट. मग पाटबंधारे खात्यातल्या कुणाच्या तरी मामांकडून एक शीट एका रात्रीपुरती आली, आणि चार पोरांनी बटरपेपर पसरून ती पहाटेपर्यंत छापून काढली. पेन्सिलने, कंदिलाच्या उजेडात, पाळीपाळीने. पहाटेच्या पाळीला डुलकी लागली आणि एक रेघ काढायची राहिली. कंटूरच्या दोन रेघांमधलं अंतर वीस मीटरचं. पुढच्या आठवड्यात चौघं त्या न काढलेल्या रेघेपाशी पोचले तेव्हा समोर वीस मीटरचा सरळ कडा होता. रात्र तिथेच काढली. डुलकी कुणाला लागली होती हे काकूंना पक्कं ठाऊक आहे.

तर हा माणूस ऐंशीच्या दशकात कॅनडात आला, पहिल्या पगारावर नकाशांच्या दुकानात गेला आणि दबक्या आवाजात ३१ ई या भागाची शीट मागितली. कशासाठी हवी, कुणाच्या सांगण्यावरून, याची उत्तरं घोकून ठेवली होती. काउंटरवरच्या बाईंनी शीट काढली आणि एकच प्रश्न विचारला: गुंडाळून न्यायला नळी देऊ का? नाना त्या धक्क्यातून अजून बाहेर आलेले नाहीत. पुढे तर सरकारने ही सगळी माहिती कुणीही फुकट उतरवून घ्यावी म्हणून खुलीच केली. काही लोकांना फुकट जेवण सोडवत नाही. नानांना फुकट कंटूर सोडवत नाहीत.

आता भारतातही १:५०,००० चे नकाशे घरबसल्या उतरवून घेता येतात. २०१७ मध्ये ही सोय झाली तेव्हा नाना रात्री दोन वाजता लॅपटॉप उघडून बसले. आत शिरायला आधार क्रमांक मागितला. नानांकडे कॅनडाचा पासपोर्ट. आयुष्यभर जो नकाशा हवा होता तो अखेर खुला झाला आणि दारात आधार कार्ड आडवं आलं! शेवटी डोंबिवलीच्या पुतण्याला कामाला लावलं. त्याने शीट पाठवल्या तर त्यांचे नंबरच बदललेले. ४७ एफ हे नावच नव्या मालिकेत नाही. यावर नाना दोन दिवस कुणाशी धड बोलत नव्हते.

अल्गॉन्क्विनच्या आतल्या तळ्यांवरचं आरक्षण पाच महिने आधी, सकाळी सात वाजता उघडतं. ऑगस्टच्या सहलीसाठी मार्चमध्ये, बाहेर उणे बारा असताना, नाना पावणेसातला मफलर गुंडाळून वरच्या लॅपटॉपसमोर बसलेले असतात. आरक्षण तळ्याचं मिळतं, तंबूच्या जागेचं नाही. जो आधी पोचेल त्याने जागा धरायची. झाडावर तंबूच्या चित्राची नारिंगी पाटी असते, ती दिसली की कनू काठाला लावायची. इथे नानांचा अभ्यास कामी येतो. त्यांच्या यंत्रात अशा जागांचे खुणेचे बिंदू आहेत आणि प्रत्येकापुढे शेरा आहे. यंत्राला देवनागरी येत नाही, म्हणून रोमन अक्षरांतलं मराठी: ‘सावली बरी’, ‘वारा फार’, ‘चढ, गुडघे असतील तरच’. एका जागेपुढे नुसतंच ‘नको’. का, ते सांगत नाहीत.

निघायच्या आदल्या रात्री काहीतरी घडतंच. एका वर्षी नानांनी शेवटच्या क्षणी नवा नकाशा चढवला. चढवताना जुन्या नकाशांवरही टिक करायला हवी, नाहीतर नवा येतो आणि जुने पुसून जातात. हे वाक्य नाना गेली कित्येक वर्षं दुसऱ्यांना सांगत आले आहेत. त्या रात्री टिक राहिली. साडेअकराला तळघरातून “गेलं!” असा आवाज आला. काकू वर लिंबाचं लोणचं काचेच्या बरणीतून प्लास्टिकच्या डबीत भरत होत्या, कारण पार्कच्या आतल्या भागात टाकून द्यायचे डबे आणि बाटल्या न्यायला बंदी आहे, आणि काकूंना काचेची जोखीम नको होती. त्यांनी मान वर न करता विचारलं, “अहो, माणूस गेलं की नकाशा?”

पहाटे तीनला नकाशा परत आला. सकाळी सहाला गाडी निघाली. हायवे ४००, मग ११, मग हंट्सव्हिलला ६० वर वळायचं. तिथे चुकायला फार प्रतिभा लागते. नाना चालवत असतील तर आम्ही चुकतो, कारण त्यांचं लक्ष गळ्यातल्या यंत्राने उपग्रह पकडले का याच्याकडे. “अकरा पकडले!” असं ते उत्साहाने सांगतात आणि वळण मागे जातं.

पार्कच्या फाटकापासून चौदा किलोमीटरवर कनू लेक. इथे १९१७ साली टॉम थॉमसन हा चित्रकार बुडून गेला. कसा, यावर लोक अजून वाद घालतात. तळ्यावर त्याचं स्मारक आहे. तिथून जाताना नाना वल्हं थांबवून दरवर्षी म्हणतात, “त्याच्याकडे जीपीएस नव्हतं.” आणि काकू दरवर्षी म्हणतात, “त्याला तळी पाठ होती.”

उत्तरेच्या टोकाला जो लेककडे जाणारं पोर्टेज आहे. २९५ मीटर. पिवळी पाटी, रुंद वाट, आणि जुलैच्या शनिवारी दादर स्टेशनच्या पुलाइतकी वर्दळ. इथे हरवायचं म्हटलं तरी मागचा माणूस हरवू देत नाही. तरी नाना यंत्र चालू करून निघतात. पलीकडे पोचल्यावर जाहीर करतात, “तीनशे अठरा. पाटी चुकीची आहे.” दाट झाडीत उपग्रहांचा संदेश पानांतून अडखळत येतो, त्यामुळे यंत्राला आपण जागच्या जागी डावीउजवीकडे डुलतोय असं वाटतं आणि अंतर फुगतं. हे मला कुणी शिकवलं? नानांनीच. पण पाटी आणि यंत्र यांच्यात भांडण लागलं की नानांचं शास्त्र यंत्राच्या बाजूने साक्ष देतं.

आता दोनशे मीटरची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय नाना पुरे होत नाहीत. त्यांच्याकडे एक जुना कागदी नकाशा आहे, घडीवर चिकटपट्ट्या मारलेला. त्यावरून एका तंबूच्या जागेचे आकडे त्यांनी यंत्रात घातले. जुने नकाशे नॅड २७ या मोजणीवर बेतलेले, म्हणजे पृथ्वीचा आकार १९२७ मध्ये जसा धरला होता तसा. यंत्र चालतं डब्ल्यूजीएस ८४ वर. दोन्हींची उत्तरदक्षिण आकडेवारी ओंटारिओत दोनेकशे मीटरांनी हुकते. सेटिंग बदललं नव्हतं. संध्याकाळी साडेसात वाजता, ब्लॅक फ्लाय नावाच्या चावऱ्या माशांच्या ऐन जूनमध्ये, यंत्राने ‘पोहोचलात’ म्हणून आवाज केला तेव्हा आमची कनू दलदलीत कमळांच्या पानांवर बसली होती. पाठीमागे, उत्तरेला, झाडावर नारिंगी पाटी स्वच्छ दिसत होती. नानांनी पाटीकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं आणि म्हणाले, “आपण चुकलेलो नाही. १९२७ च्या हिशेबाने आपण बरोबर आहोत.”

ओपिओंगो या तिथल्या सगळ्यांत मोठ्या तळ्यावर तर यंत्र गाडीच्या सेटिंगवर राहिलं होतं. भर पाण्यात त्याने सांगितलं, मागे फिरा, हायवे ६० ला लागा. नानांनी क्षणभर खरंच वल्हं उलटं धरलं.

त्यांची भाची वॉटर्लूला कॉम्प्युटर शिकते. तिने फोन पुढे केला. “मामा, यात सगळं आहे. नेटवर्क नसलं तरी चालतं. नकाशा आधी उतरवून ठेवायचा, बस.” नाना अज्ञानी नाहीत, फोनला जीपीएससाठी नेटवर्क लागत नाही हे त्यांना तिच्याआधीपासून माहीत आहे. ते एवढंच म्हणाले, “बोटं ओली कर आणि नकाशा सरकव बघू.” ओल्या बोटांना पडदा जुमानेना. यंत्राला बटणं आहेत, ती दाबली की दाबली जातात, आणि बॅटऱ्या कुठल्याही पेट्रोलपंपावर मिळतात. तरीही माझं मत भाचीच्या बाजूने आहे. पाऊस ओंटारिओत काही रोज पडत नाही. पण त्या दिवशी पडत होता, म्हणून मी गप्प बसलो.

नकाशा भरण्यात नानांना जेवढा आनंद आहे त्याहून जास्त तो वाटण्यात आहे. ब्रॅम्प्टनला नुकतं आलेलं एखादं जोडपं, दोन लहान मुलं, पहिलाच उन्हाळा, आणि नवऱ्याने सहज म्हटलं की एकदा कनूतून जायचंय, की नाना दुसऱ्या दिवशी त्यांच्या दारात. यंत्र उसनं, कार्डावर नकाशा भरलेला, बॅटऱ्यांचे दोन जादा जोड, शिवाय प्लास्टिकच्या पिशवीत कागदाची घडी, “कारण यंत्र कधी बुडेल सांगता येत नाही.” होकायंत्र वापरायचं कसं हेही सांगणार: इथे सुई खऱ्या उत्तरेच्या अकराबारा अंश पश्चिमेला बघते, तेवढं वजा धरायचं. ती माणसं नम्रपणे माना डोलावतात. लहान मुलगी विचारते की मूस दिसेल का. नाना यंत्रात बघून सांगतात, “मे महिन्यात इथे दिसला होता,” आणि बिंदू दाखवतात.

परत आल्यावर नाना ओपनस्ट्रीटमॅपवर दुरुस्त्या करतात. एखादी वाट थोडी डावीकडे, एखादी तंबूची जागा तीस मीटर पलीकडे. या दुरुस्त्या जगात कुणालाही दिसतात आणि पुढच्या नकाशात उतरतात. ज्याने एकदा रेघ काढायची सोडली होती तो माणूस आता रात्री एक वाजता अनोळखी लोकांसाठी रेघा सरळ करत बसतो. हे मी काकूंना म्हटलं तर त्या म्हणाल्या, “रेघा सरळ करतात, पण बाथरूमचा नळ सहा महिने गळतोय.”

या वाटण्याच्या नादात एक भानगड झाली. बर्न्ट आयलंड लेकच्या वाटेवर एका ओल्या खडकावरून काकूंचा पाय घसरला होता. लागलं नाही, पण नानांनी तत्परतेने हात द्यायच्या आधी बटण दाबलं आणि बिंदू नोंदवला: ‘काकू घसरली’. ती फाइल मग सगळ्यांकडे गेली. गणपतीला मंडळात एक अनोळखी बाई काकूंजवळ येऊन कळवळून म्हणाल्या, “तुम्हीच ना त्या, पोर्टेज संपता संपता डावीकडे घसरलेल्या? आम्ही तिथे मुलांना हात धरून नेलं हो!” काकूंनी घरी येऊन फर्मान काढलं: तो बिंदू आजच्या आज पुसायचा. नानांनी नकार दिला. सुरक्षेचा प्रश्न आहे, म्हणाले.

मग काकूंनी भाचीकडून बिंदू कसा नोंदवायचा ते शिकून घेतलं. एकच बटण दाबून धरायचं असतं. पुढच्या उन्हाळ्यात नाना दोनदा यंत्र काकूंकडे देऊन लाकडं आणायला गेले, एकदा पोहायला गेले, आणि बराच वेळ कनूच्या मागच्या टोकाला बसून वल्हवत राहिले, यंत्र काकूंच्या मांडीवर. हिवाळ्यात तळघरात यादी उघडली तेव्हा ‘काकू घसरली’ जिथल्या तिथे होतं, आणि त्याच्याखाली ‘नाना चुकले १’, ‘नाना चुकले २’ असं सुरू होऊन पडदा खाली सरकवावा लागत होता. दलदल होती, ओपिओंगो होतं, हंट्सव्हिलचं वळण तर दोनदा. फाइल तोवर ब्रॅम्प्टनपर्यंत पोचलेलीच होती.

नाना चष्मा लावून बराच वेळ यादी वाचत होते. काकू जिन्यात उभ्या. मी मुद्दाम काही बोललो नाही.

“अगं,” नाना शेवटी म्हणाले, “हा सातवा बिंदू तीस मीटर पूर्वेला हवा.”